अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि परतून येणारे दूध

आपल्या न्यासाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत सभासदांच्या घरी उपयोगी पडेल असा काही मजकूर द्यावा, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा विषयासाठी आम्हांस दूर जावे लागले नाही. तो आमच्या घरातच होता. तीन वर्षांपूर्वी आमची नात दिवस पुरे होण्याआधीच जन्माला आली, आणि पुढचे चार-पाच महिने आमचे सारे घर एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले: पोरीला पाजलेले दूध परत का येते, आणि त्यावर करावे काय?

पूर्वी आपल्या पेडणे महालात सातव्या महिन्यात जन्मलेले मूल बहुधा हाती लागत नसे. आमच्या लहानपणी अशा मुलाचे नाव ठेवण्याचीही घाई कोणी करीत नसे. आज तशी स्थिती राहिलेली नाही. १८४२ साली पणजीस सुरू झालेल्या वैद्यकशाळेचे १९६३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. पुढे त्याचे रुग्णालय बांबोळीच्या माळावर उभे राहिले. तेथे आज दीड किलोची, क्वचित एक किलोचीही बाळे महिना-दोन महिने सांभाळून आईच्या हाती दिली जातात. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु बाळ घरी आले की रुग्णालयातील परिचारिका व यंत्रे मागे राहतात, आणि घरात आई, आजी व शेजारणी एवढीच मंडळी उरतात. दूध परत येऊ लागले की घाबरायचेही त्यांनीच आणि उपायही त्यांनीच शोधायचा.

आम्ही वैद्य नव्हे. पुढे जे लिहिले आहे ते डॉक्टरांनी आम्हांस समजावून सांगितलेले, आणि नंतर आम्ही स्वतः वाचून पडताळून पाहिलेले आहे. हा मजकूर वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. त्याने उगाचची भीती कमी झाली आणि खरी भीती वेळेवर ओळखता आली, तर लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.

आमच्या हातून झालेली चूक

नात एकतिसाव्या आठवड्यात जन्मली. वजन १ किलो ४०० ग्रॅम. पाच आठवडे रुग्णालयात राहून १ किलो ९०० ग्रॅमची होऊन ती घरी आली, तेव्हा चतुर्थी आठ दिवसांवर होती. माटोळी बांधायला आलेले, आरतीला आलेले, सारेच बाळ पाहून जात. आणि प्रत्येकाच्या देखत पोर तोंडातून दूध काढी. मग सल्ल्यांना तोटा कसला? एकीने बाळगुटी उगाळून देण्यास सांगितले, दुसरीने ग्राइप वॉटर सुचविले. कोणी म्हणाले, दुधात थोडी पेज घाला म्हणजे ते जड होऊन खाली बसेल. एका गृहस्थाने तर आपल्या नातवाला दिलेल्या आम्लाच्या औषधाची अर्धी उरलेली बाटलीच आणून ठेवली.

यांतले काहीही आम्ही केले नाही. परंतु एक गोष्ट आम्ही आपल्या बुद्धीने केली. डोके उंच राहिले तर दूध वर येणार नाही, असा हिशेब करून एक गोधडी चौपदरी घडी घालून आम्ही बाळाच्या गादीच्या उशाला सरकविली. सूनबाई नको म्हणत होती, तरी आम्ही ऐकले नाही. त्या रात्री दोनच्या सुमारास तिला जाग आली तेव्हा पोर उतारावरून घसरून खाली आली होती, हनुवटी छातीला टेकली होती आणि ओठ काळसर दिसत होते. तिने उचलून मान सरळ केली मात्र, श्वास मोकळा झाला आणि रंग परतला. उजाडताच आम्ही बांबोळी गाठली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की पोर ठीक आहे. दुधाने तिला काही झाले नव्हते, जे झाले ते उशीने झाले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मानेत डोके तोलण्याचे बळ नसते. हनुवटी छातीवर पडली की त्याची मऊ श्वासनलिका मुडपते आणि वारा बंद होतो.

त्या दिवशी आम्हांस जे उमगले तेच या लेखाचे सार आहे. अशा बाळाचे दूध परत येणे हे बहुतेक वेळा दुखणे नसून अपुरी राहिलेली वाढ असते, आणि त्या दुधापेक्षा आमच्या घाबरेपणातून निघालेले उपायच त्याला अधिक बाधतात.

दूध परत का येते?

घशापासून जठरापर्यंत जाणाऱ्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंचे एक कडे असते. घास खाली जाताना ते उघडते व मागाहून मिटते. परंतु गिळणे चालू नसतानाही हे कडे अधूनमधून काही सेकंद आपोआप सैल पडते. तुमच्याआमच्यातही ते पडते. ढेकर येतो तो त्यामुळेच. मोठ्या माणसाच्या जठरात त्या वेळी घट्ट अन्न खाली व वारा वर असतो, म्हणून वारा तेवढा बाहेर येतो. बाळ मात्र दिवसभर आडवे, आणि पोटात निव्वळ दूध. कडे सैल पडले की दूधच वर येते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत आणखी काही गोष्टींची भर पडते. त्याची अन्ननलिका आखूड असते. जठर लहान असते आणि ते रिकामे व्हायला वेळ लागतो. चोखणे, गिळणे व श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी नाकातोंडातून जठरात घातलेल्या नळीने दूध द्यावे लागते, आणि ती नळीही त्या कड्याला पुरते मिटू देत नाही.

शिवाय दुधाचे प्रमाण पाहा. अशा बाळाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे १५० मिलिलिटर दूध लागते. हेच प्रमाण साठ किलोच्या माणसाला लावले तर त्याने दिवसाला ९ लिटर दूध प्यावे लागेल, आणि तेही अंथरुणावर पडून! त्यातले थोडे परत आले तर नवल ते काय? निरोगी अपुऱ्या दिवसांच्या बाळांची तपासणी केली असता चोवीस तासांत सत्तरच्या आसपास वेळा, म्हणजे तासाला सरासरी तीनेकदा, दूध अन्ननलिकेत वर चढल्याचे दिसून आले आहे. यातले बहुतेक तोंडापर्यंत पोचतही नाही.

कपड्यावर पडलेले दूध डोळ्यांना फसवते, हेही ध्यानात घ्यावे. एक चमचाभर पाणी पदरावर ओतून पाहा. हातभर डाग दिसतो. आमच्या घरी हा प्रयोग डॉक्टरांच्या सांगण्यावरून करण्यात आला आणि सगळ्यांचा अर्धा धीर तिथेच परत आला.

औषध का नको?

या प्रकाराला सर्रास आम्लपित्तासारखे नाव दिले जाते, म्हणून आम्ल मारणारे औषध द्यावे असे सहज वाटते. परंतु बाळाच्या पोटात दर दोन-तीन तासांनी दूध पडत असते आणि दूध स्वतःच आम्ल बोथट करते. तेव्हा वर येते ते बहुधा सौम्य दूधच असते. आम्लाचे औषध देऊन दूध वर येण्याचे थांबत नाही. फार तर त्यातले आम्ल कमी होते.

उलट ते आम्ल बाळाच्या उपयोगाचे असते. दुधाबरोबर पोटात गेलेले जंतू मारणारा तो पहिला पहारेकरी होय. पहारेकरी काढून घेतला तर काय होते, याचा एक अभ्यास इटलीत झाला व २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड किलोहून कमी वजनाच्या २७४ बाळांची पाहणी त्यात होती. रॅनिटिडिन हे औषध मिळालेल्यांपैकी ३७.४ टक्के बाळांना जंतुसंसर्ग झाला, न मिळालेल्यांपैकी ९.८ टक्क्यांना. आतडे सुजून सडण्याचा भयंकर विकार पहिल्या गटात ९.८ टक्के तर दुसऱ्यात १.६ टक्के बाळांना झाला. ही केवळ पाहणी होती, चिठ्ठ्या टाकून केलेली कसोटी नव्हती, हे खरे. परंतु इतरत्रही असाच संबंध दिसून आला आहे.

जठर लवकर रिकामे करणाऱ्या औषधांची कथाही फारशी निराळी नाही. सिसाप्राइड हे औषध एके काळी जगभर लहान मुलांना दिले जाई. हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू होऊ लागल्यावर अमेरिकेत २००० साली ते बाजारातून काढून घेतले गेले आणि भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्ये याच विषयावर जे निवेदन काढले त्यात सांगितले आहे, की अपुऱ्या दिवसांच्या बाळात दूध परत येणे बहुधा निसर्गक्रमातले असते, आणि त्यासाठी औषधे फारच जपून, किंबहुना शक्यतो देऊच नयेत.

याचा अर्थ डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेले औषध घरच्यांनी फेकून द्यावे असा नव्हे. ते का दिले आणि किती दिवसांनी थांबवायचे, हे विचारून घ्यावे. शेजारच्या घरातील उरलेली बाटली मात्र उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये.

मग करावे काय?

आता घरच्या घरी करावयाच्या गोष्टी. यांपैकी कशानेही दूध परत येणे एकदम बंद होत नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. बाळाची वाढ नीट व्हावी आणि तोवरचे दिवस सुखाने जावेत, एवढ्यासाठीच त्या करावयाच्या.

पहिली गोष्ट आईचे दूध. वरच्या दुधापेक्षा ते जठरातून लवकर पुढे सरकते आणि संसर्गापासून राखण करते. आईला पुरेसे दूध नसेल तर रुग्णालयात असताना दुसऱ्या मातांनी दिलेले, तपासून व निर्जंतुक केलेले दूध मिळू शकते का, हे विचारावे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली ती अशाच बाळांसाठी. आईच्या दुधात मिसळण्यासाठी डॉक्टरांनी पोषक पूड दिली असेल, तर दूध परत येते म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. बाळाच्या हाडांना व वजनाला तिची गरज असते.

दुसरी गोष्ट थोडे-थोडे पण वरचेवर पाजणे. दोन किलोच्या बाळाला दिवसाला सुमारे ३०० मिलिलिटर दूध लागते. ते आठ वेळा दिले तर एका वेळी ३८ मिलिलिटर होते, बारा वेळा दिले तर २५. भरलेल्या घागरीपेक्षा पाऊण घागर कमी डुचमळते. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजणाऱ्यांनी दूध तोंडात ओतू नये. ओठाला लावावे, बाळ आपणहून घेईल तेवढेच घेऊ द्यावे आणि मध्ये श्वासाला सवड द्यावी. बाळाने मान फिरविली की थांबावे. ‘एवढे उरले ते संपव’ हा आजीचा आग्रह पुढे नातवंडांच्या ताटापुरता राखून ठेवावा.

तिसरी गोष्ट पाजल्यावर उभे धरणे. वीस ते तीस मिनिटे बाळाला छातीशी सरळ धरावे, पाठीवरून हलका हात फिरवावा आणि ढेकर आला तर उत्तम, न आला तर पाठीवर थापा मारीत बसू नये. बाळाला मांडीवर किंवा खुर्चीवजा आसनात वाकवून बसवू नये. तसे बसविल्याने पोट दुमडते, त्यावर दाब येतो आणि दूध अधिकच वर येते, हे अमेरिकेत १९८३ सालीच दिसून आले होते. लंगोट पोटावर करकचून बांधू नये. मालीश व आंघोळ पाजण्याआधी उरकावी, पाजल्यावर नव्हे.

उभे धरण्याचा सर्वांत चांगला प्रकार म्हणजे उघड्या अंगाला उघडे अंग लावून धरणे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एद्गार रेय सानाब्रिया यांना रुग्णालयात उबपेट्या पुरेनात, तेव्हा त्यांनी मातांनाच उबपेटी केले. कांगारू जसे पिल्लाला पोटच्या पिशवीत बाळगते तसे बाळ नुसत्या लंगोट-टोपीवर आईच्या दोन्ही स्तनांमध्ये उभे ठेवायचे, मान एका बाजूस वळवून किंचित वर, आणि वरून कापड गुंडाळायचे. भारत व आफ्रिकेतील चार देश मिळून पाच रुग्णालयांत याची कसोटी झाली; आपल्याकडचे रुग्णालय दिल्लीचे सफदरजंग होते. १ किलो ते १ किलो ७९९ ग्रॅम वजनाच्या ३,२११ बाळांवर झालेल्या या कसोटीचा निकाल २०२१ मध्ये आला. जन्मानंतर ताबडतोब असे धरलेल्या बाळांत अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू १२ टक्के, तर आधी उबपेटीत ठेवून प्रकृती स्थिरावल्यावर धरलेल्यांत १५.७ टक्के झाले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा बाळांसाठी हीच पद्धत, शक्य तर दिवसाचे आठ ते चोवीस तास, सांगितली. हा काही दूध परत येण्यावरचा खास उपाय नव्हे. परंतु बाळ उभे राहते, उबदार राहते, रडते कमी आणि आईला दूध अधिक येते. मग दुधाच्या दोन गुळण्यांचा हिशेब कोण ठेवतो? बाप, आजी, आजोबा यांनाही हे करता येते. आमच्या छातीवर नातीने रोज दुपारचा एक तास काढला आहे, आणि आयुष्यातल्या चांगल्या तासांत आम्ही त्याची गणना करतो.

चौथी गोष्ट, आणि आमच्या चुकीमुळे आम्ही ती आवर्जून सांगतो: झोपविताना बाळाला सपाट, टणक अंथरुणावर उताणेच निजवावे. रुग्णालयात यंत्रांच्या नजरेखाली बाळाला कधी पालथे, कधी डाव्या कुशीवर ठेवतात आणि तसे ठेवल्याने दूध वर येण्याच्या वेळा थोड्या कमी होतात, हे खरे आहे. परंतु ते पाहून घरी तसे करू नये. पालथे किंवा कुशीवर निजविलेली बाळे झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढतो, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तो धोका मुळातच अधिक असतो. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना उताणे निजविण्याचा प्रचार झाला आणि अशा मृत्यूंचे प्रमाण पुढे निम्म्यावर आले.

उताणे निजलेले बाळ दूध वर आल्याने गुदमरेल, ही भीती घरोघर असते. ती खरी नाही. श्वासनलिका पुढे व अन्ननलिका तिच्या मागे असते. बाळ उताणे असले की श्वासनलिका वरच्या बाजूस येते आणि वर आलेल्या दुधाला तिच्यात शिरायचे तर चढून जावे लागते. पालथ्या बाळाचे नेमके उलटे होते. मोहरीची उशी, डोक्याखाली घडी, उतरता पाळणा, यांतले काही नको. दहा अंशांहून अधिक उतार असलेल्या बाळझोळ्या विकण्यास अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्याने बंदी केली, ती आमच्यासारख्या आजोबांमुळेच! कापडी झोळीतही बाळ मुडपून पडते. म्हणून निदान पहिले काही महिने तिचा मोह टाळावा.

काय करू नये

दुधात पेज, तांदळाचे पीठ किंवा नाचणीचे सत्त्व घालून ते दाट करू नये. आपल्या तिझनाचे गुण आम्हांसही ठाऊक आहेत, पण त्याची पाळी सहा महिन्यांनंतरची, आणि अशा बाळाच्या बाबतीत केव्हा सुरू करायचे हे डॉक्टरांना विचारूनच. तयार मिळणाऱ्या दाट करणाऱ्या पुडींचीही गोष्ट तीच. झँथन गोंद असलेला असा एक पदार्थ दिल्यानंतर काही अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्याचा तोच भयंकर विकार झाला, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये तो अशा बाळांना देऊ नये असा इशारा दिला.

बाळगुटीविषयी लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण आम्ही स्वतः वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरडशेंग उगाळून केलेल्या गुटीवर वाढलो. परंतु आम्ही नऊ महिने भरून जन्मलो होतो, आणि आमच्या बरोबरीच्या ज्यांना गुटी सोसली नाही ते आज साक्ष द्यायला उरलेले नाहीत. सहाणेवरून, पाण्यातून, बोटावरून जाणारे जंतू अशा बाळाच्या आतड्याला झेपत नाहीत. मधाचे बोट तर वर्षाच्या आत कोणत्याच बाळाला चाटवू नये. धुरी देण्याची चालही अशा बाळापुरती सोडावी. त्याची फुप्फुसे कोवळी असतात. घरात कोणी विडी-सिगरेट ओढीत असेल तर त्याने ती बाळासाठी सोडावी. अंगणात जाऊन ओढली तरी वास व विष कपड्यांबरोबर आत येतेच.

वरील सर्व काळजी घेऊनही बाळ फार कळवळत असेल, शौचातून रक्ताचे धागे पडत असतील किंवा अंगावर पुरळ असेल, तर क्वचित गाईच्या दुधातील प्रथिनांचे वावडे हे कारण असू शकते. अशा वेळी डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध-दही वर्ज्य करून पाहण्यास सांगतात. हा प्रयोगही त्यांच्या सांगण्यावरूनच करावा. बाळंतिणीचे जेवण उगीच तोडू नये.

केव्हा धावावे

आता खरी भीती कोणती ते सांगतो. ओकारी हिरवी असेल. तिच्यात रक्त असेल. दूध ओघळण्याऐवजी कारंज्यासारखे लांब उडत असेल. पोट फुगून घट्ट झाले असेल. बाळ निपचित पडून चोखेनासे झाले असेल. अंग तापले किंवा गार पडले असेल. लघवी कमी झाली असेल. श्वास थांबत असेल किंवा ओठ निळे-काळे दिसत असतील, तर ‘दूध परत येते आहे’ म्हणून घरी बसू नये. श्वास थांबण्याचा दोष पूर्वी सरसकट परत येणाऱ्या दुधाला दिला जाई. पुढील अभ्यासांत दोहोंचा असा संबंध बहुधा आढळला नाही. म्हणून श्वास थांबला तर त्याचे निराळे कारण असू शकते आणि ते तातडीने शोधले पाहिजे. १०८ ला फोन करावा. हणखणे, इब्रामपूर, तेरेखोल अशा टोकाच्या गावांतून बांबोळी गाठायला वेळ लागतो, हे धरूनच लवकर निघावे.

आणि एक साधी खूण: वजन. घरी आल्यावर पहिले काही महिने बाळ दिवसाला वीस ते तीस ग्रॅम, म्हणजे आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम, वाढत असेल तर दूध परत येऊनही पोटात पुरेसे राहते आहे असे समजावे. असे बाळ दूध काढते, हसते आणि बाळसे धरते. वजन अडले तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. रोज वजन करू नये. रोजच्या चढउताराने जीव टांगणीला लागतो. आठवड्यातून एकदा, त्याच तराजूवर, पाजण्याआधी, उघड्या अंगाने करावे.

महाराष्ट्रात गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून, त्यांच्या हाती तराजू देऊन घरोघर नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या भागाच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले. ऊब, आईचे दूध, स्वच्छता, वजन आणि धोका वेळेवर ओळखणे हा त्या कामाचा पाया होता. तेथे संसर्ग झाल्यास औषधेही दिली जात, पण पाया हाच. जे गडचिरोलीच्या जंगलात झाले ते आपल्या पेडण्यात न होण्यासारखे काय आहे?

काळ हाच वैद्य

नवव्या महिन्यापर्यंत पोटात राहिलेल्या बाळांतही पहिल्या तीन महिन्यांत निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध काढतात. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सर्वाधिक असते आणि वर्षाच्या सुमारास शंभरांत पाचेक बाळांतच उरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय या कामी जन्मतारखेपासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे, म्हणजे आईची निराशा होत नाही. बाळ बसू लागते, अन्न खाऊ लागते, कडे बळकट होते, आणि एक दिवस लक्षात येते की खांद्यावरचे फडके कित्येक दिवसांत ओले झालेले नाही.

आमच्या नातीचे तसेच झाले. कोणत्या दिवशी थांबले हे आज कोणालाच आठवत नाही. ती आता तीन वर्षांची आहे आणि जत्रेत तिच्यामागे धावताना दम लागतो तो आम्हांला. ती गोधडी सूनबाईने कपाटात वर ठेवून दिली आहे. तिने आम्हांस कधी एका शब्दाने बोलून दाखविले नाही, याबद्दल तिचे उपकार येथेच मानतो.

जाता जाता विश्वस्त मंडळास एक विनंती. महोत्सवाच्या निमित्ताने न्यासाने बाळांचे वजन करण्याचा एक चांगला तराजू घ्यावा, आणि ज्या सभासदाच्या घरी असे बाळ येईल त्या घरी तो काही महिने वापरण्यास द्यावा. तराजूबरोबर एक जाणती बाई अर्धा तास बसून आईशी बोलून आली तर फारच उत्तम. अशा घराला बहुधा औषधाची गरज नसते. ‘बाळ ठीक आहे, तुझे बरोबर चालले आहे’ एवढे आकडा दाखवून सांगणारे माणूस हवे असते. तेवढे आपण सर्वांनी मिळून करावे, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.